सॅकरिन, उंदराची लघवी आणि एका माणसाची वीस वर्षं

आमच्या आप्पांना डायबेटिस होता आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सॅकरिनच्या गोळ्यांची बोटभर बाटली कायम असायची. चहा आला की दोन गोळ्या टाकायच्या, त्या बारीक फेस काढत विरघळायच्या, आणि चहा संपल्यावर जिभेवर एक कडवटपणा मागे राहायचा. मी लहानपणी एकदा चोरून गोळी चाटली होती त्यामुळे ती चव मला अजून आठवते. मग कधीतरी पेपरात वाचलं की सॅकरिनने कॅन्सर होतो, अमेरिकेत उंदरांवर सिद्ध झालंय, आणि आप्पांनी ती बाटली कपाटाच्या खणात टाकली ती परत बाहेर काढलीच नाही. शेवटपर्यंत बिनसाखरेचा चहा प्यायले.

त्या बातमीचं पुढे काय झालं हे मला खूप उशिरा कळलं, आणि ते शोधताना एक माणूस सापडला ज्याच्याबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही, म्हणून हे लिहितोय. सॅम्युएल कोहेन. विस्कॉन्सिनला शिकलेले, डॉक्टर पण आणि पीएचडी पण, पुढे नेब्रास्का राज्यात ओमाहाच्या मेडिकल सेंटरमध्ये पॅथॉलॉजीचे प्राध्यापक. करिअरचा मोठा भाग या माणसाने एका प्रश्नावर घालवला, सॅकरिन खाऊन उंदराच्या मूत्राशयात गाठ येते ती नेमकी का येते?

आधी मागचं थोडक्यात. सॅकरिन तसं जुनं आहे, 1879 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लॅबमध्ये फालबर्ग नावाच्या केमिस्टला हाताला लागलेल्या गोडीवरून सापडलं. साखरेच्या साधारण 300 पट गोड, आणि शरीरात ते पचतच नाही, जसं गेलं तसं लघवीवाटे बाहेर. 1977 मध्ये कॅनडातल्या प्रयोगात उंदरांना खाण्यात 5 टक्के सोडियम सॅकरिन (सॅकरिनचं सोडियम मीठ) दिलं, आधी आईला आणि मग तिच्या पिल्लांना गर्भापासून मरेपर्यंत, तर नर पिल्लांच्या मूत्राशयात गाठी आल्या. अमेरिकेत 1958 पासून डिलेनी कलम नावाचा नियम होता, की माणसात किंवा प्राण्यात कॅन्सर करणारा पदार्थ खाण्यात घालायचाच नाही, किती प्रमाणात वगैरे प्रश्नच नाही. त्यामुळे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने त्याच वर्षी मार्चमध्ये बंदीचा प्रस्ताव आणला. पण सायक्लमेट हे साखरेऐवजी वापरायचं दुसरं रसायन आधीच बंद झालेलं, ॲस्पार्टेम हे तिसरं अजून बाजारात यायचं होतं, म्हणजे डायबेटिसवाल्यांना दुसरं काही शिल्लकच नव्हतं. लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला, आणि संसदेने बंदी थांबवून पाकिटांवर कॅन्सरचा इशारा छापायला लावला.

तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले की एवढं सॅकरिन कोण खातं हो. हिशोब बरोबरच आहे, माणसाने दिवसाला 500 ग्रॅम सुकं अन्न खाल्लं असं धरलं तर 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम सॅकरिन, गोडीत साडेसात किलो साखरेएवढं, रोज, जन्मभर. पण नुसतं "डोस फार मोठा होता" एवढ्यावर विषय सोडून देणं मला पटत नाही, कारण मोठा डोस देतात तोच मुळी थोड्या उंदरांमध्ये परिणाम दिसावा म्हणून. गाठ आली ती आलीच ना? मग ती का आली हे सांगायला नको?

आणि कोहेन सॅकरिनची बाजू घ्यायला निघालेले नव्हते, उलट सुरुवात विरुद्ध बाजूने झाली. 1979 मध्ये, तेव्हा ते मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरला होते, त्यांच्या टीमने उंदरांना आधी सहा आठवडे कॅन्सरची सुरुवात करून देणारं दुसरं एक रसायन दिलं आणि मग सॅकरिन चालू केलं, तर गाठी वाढल्या. म्हणजे सॅकरिन आगीत तेल ओततंय असं त्यांनी स्वतःच छापलं. तिथे थांबले असते तरी नाव झालं असतं, पण ते थांबले नाहीत, कारण काही गोष्टी जुळत नव्हत्या. कॅन्सर करणारी पुष्कळ रसायनं डीएनएला चिकटतात, सॅकरिन चिकटत नाही. घुशी, उंदीर सगळे सारखे असं आपण म्हणतो, पण छोट्या माउस जातीच्या उंदरांत, हॅमस्टरमध्ये, गिनीपिगमध्ये मूत्राशयाला काही होत नाही, फक्त रॅट जातीत होतं आणि त्यातही नरात जास्त. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे सोडियम सॅकरिन दिलं तर परिणाम जोरात, पोटॅशियमचं दिलं तर कमी, कॅल्शियमचं दिलं तर आणखी कमी, आणि सॅकरिनचं आम्ल रूप दिलं तर जवळजवळ काहीच नाही. लघवीत सॅकरिन तर प्रत्येक वेळी तेवढंच उतरतंय! मग दोष एकट्या सॅकरिनचा कसा असेल?

तेव्हा त्यांनी लक्ष वळवलं ते लघवीकडे. ऐकायला कसंतरी वाटेल पण यातलं बारीक काम बघण्यासारखं आहे. उंदराची लघवी ताजी, सकाळची आणि प्राणी उपाशी नसताना घ्यावी लागते, कारण उपाशी प्राण्याच्या लघवीची आम्लता बदलते, ठेवून दिलेल्या लघवीत भलतेच खडे तयार होतात नाहीतर असलेले विरघळतात. मूत्राशय नुसतं कापून बघून पण चालत नाही, रिकामं असलं की ते हवा गेलेल्या फुग्यासारखं सुरकुततं आणि घड्यांमध्ये काय आहे दिसत नाही, म्हणून आधी त्यात टिकवणारं द्रावण भरून ते फुगवायचं आणि मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली आतलं अस्तर बघायचं. तसं बघितल्यावर दिसलं की सॅकरिनवाल्या उंदरांच्या अस्तरावरच्या पेशी जागोजागी मरून निघाल्यात आणि खालून नवीन पेशी भराभर वाढतायत.

कशामुळे? तर साक्यामुळे. रॅटची लघवी आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट असते, नराच्या लघवीत प्रोटीनही भरपूर, कॅल्शियम आणि फॉस्फेट आधीच काठोकाठ. त्यात सोडियम सॅकरिनचा एवढा लोंढा आला आणि आम्लता कमी असली की कॅल्शियम फॉस्फेटचा बारीक साका बसतो, आपल्याकडे गिझरच्या कॉइलवर क्षाराचा पांढरा थर धरतो ना तसा प्रकार, फक्त इथे तो लघवीत तरंगतो. तो साका अस्तराला त्रास देत राहतो. नवीन कोल्हापुरी चावते तेव्हा कातडी जाते आणि परत येते, तसं हे आयुष्यभर चालतं, आणि पेशी जितक्या जास्त वेळा दुणावणार तितकी नक्कल करताना चूक व्हायची शक्यता जास्त. गाठीचं मूळ तिथे.

हे नुसतं सांगून भागत नाही, मोडून बघावं लागतं. खाण्यात अमोनियम क्लोराइड घालून लघवी आम्ल केली, सॅकरिन तेवढंच ठेवलं, तर साका नाही आणि इजा पण नाही. ज्या जातीच्या नर रॅटमध्ये लघवीतलं ते प्रोटीन बनतच नाही त्यांच्यात परिणाम बराच कमी. आणि दुसरी सोडियमची मिठं, अगदी व्हिटॅमिन सीचं सोडियम मीठसुद्धा, तेवढ्याच मोठ्या डोसात दिलं तर तोच प्रकार! मला हा भाग वाचताना खरंच अंगावर काटा आला, कारण म्हणजे ज्या कसोटीवर सॅकरिन नापास झालं त्याच कसोटीवर व्हिटॅमिन सी पण नापास झालं असतं. साक्याबद्दलचा त्यांचा महत्त्वाचा पेपर 2000 चा आहे.

पण माणसाचं काय हा प्रश्न उरतोच. 1980 मध्ये अमेरिकेच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटने मूत्राशयाच्या कॅन्सरच्या सुमारे 3,000 रुग्णांची निरोगी लोकांशी तुलना केली होती, एकंदरीत संबंध सापडला नव्हता. मग 1998 मध्ये माकडांचा निकाल आला, त्यात कोहेनही होते. 20 माकडं, जन्मल्यानंतर लगेच सुरुवात, आठवड्यातले पाच दिवस दर किलो वजनाला 25 मिलिग्रॅम सॅकरिन, आणि काही माकडांना हे 24 वर्षांपर्यंत दिलं. माणसासाठी तेव्हा साधारण धरलेली रोजची सुरक्षित मर्यादा किलोला 5 मिलिग्रॅम होती, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 300, त्याच्या हे पाचपट झालं. माकडांच्या लघवीत साका नाही, मूत्राशय ठीक. 20 हा आकडा लहान आहे हे मान्य, पण आधीच्या सगळ्याशी तो जुळतो.

2000 साली अमेरिकेने सॅकरिनचं नाव कॅन्सरकारकांच्या यादीतून काढलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पाकिटावरचा इशाराही गेला.

यावरून कुणी असं धरू नये की कोहेन प्रत्येक पदार्थाला पास करत सुटले. पुढे त्यांनी आर्सेनिकवर काम केलं, तिथे साका-खडे असलं काही नाही, आर्सेनिकपासून शरीरात तयार होणारी रूपं मूत्राशयाच्या पेशींना थेट मारतात, आणि विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक असलेल्या भागांत माणसांना मूत्राशयाचा कॅन्सर खरोखर होतो. मूत्राशय तेच, गाठ दिसायला तीच, आणि उत्तर पूर्ण वेगळं. म्हणून "उंदरांवर सिद्ध झालं" एवढं वाचून मी आता घाबरतही नाही आणि सोडूनही देत नाही, आधी शोधतो की कोणत्या उंदरात, कुठल्या अवयवात, आणि कशामुळे.

आप्पा 1990 साली गेले, माकडांचा तो पेपर यायला आठ वर्षं बाकी होती. नंतर कपाट आवरताना ती बाटली सापडली, आतल्या गोळ्या पिवळ्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या.