प्रोसेसर तोच, मग स्कोअर कमी का?

परवा एका मित्राचा फोन आला. "प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच, तरी ऑफिसच्या मशीनपेक्षा घरच्या मशीनचा सिनेबेंच स्कोअर इतका कमी कसा? दुकानदाराने गंडवलं का मला?"

गंडवलं नव्हतं. दोन्हीकडे इंटेलचा कोअर आय७-१२७००च होता. फक्त घरच्या मशीनमध्ये पैसे वाचवायला सगळ्यात स्वस्त मदरबोर्ड घेतला होता.

सिनेबेंच म्हणजे वेग मोजायची चाचणी, अर्थात बेंचमार्क. तो प्रोसेसरला एक चित्र रंगवायला लावतो. सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, चित्राचे चौकोनी तुकडे वाटून घेतात आणि चित्र जितकं लवकर पुरं होईल तितका स्कोअर जास्त. मी त्याला म्हटलं, स्कोअर राहू दे. शेजारी एचडब्ल्यूइन्फो हा मशीनमधले आकडे दाखवणारा प्रोग्राम उघड आणि 'सीपीयू पॅकेज पॉवर', म्हणजे प्रोसेसर किती वीज खातोय, ही एकच ओळ बघत बस. सुरुवातीला आकडा दीडशे वॉटच्या वर गेला. साधारण अर्ध्या मिनिटाने धाडकन ६५ वर आला आणि तिथेच चिकटला.

हा बिघाड नाही. इंटेलने या प्रोसेसरसाठी दोन आकडे दिले आहेत: सतत चालायला ६५ वॉट आणि जोर लावायला १८० वॉट. पण तो जोर किती वेळ लावू द्यायचा, हे प्रत्यक्षात बोर्डाच्या बायोसमधल्या (बोर्डात भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या) सेटिंगवर ठरतं. महागड्या बोर्डांवर ही मुदत बऱ्याचदा काढूनच टाकलेली असते.

स्वस्त बोर्ड हात आखडता घेतो त्याला कारण आहे. एसएमपीएसकडून (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) येतात १२ व्होल्ट, प्रोसेसरला लागतात सव्वा व्होल्टच्या आसपास. हे रूपांतर सॉकेटच्या कडेला दाटीने बसवलेली व्हीआरएमची सर्किटं करतात. १८० वॉट १.२ व्होल्टवर द्यायचे म्हणजे १५० अँपिअर! बाथरूममधला दोन हजार वॉटचा गीझरसुद्धा नऊ अँपिअरच्या आतच घेतो. एवढा प्रवाह उघड्याबोडक्या, उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंक नसलेल्या व्हीआरएममधून तासभर न्यायचा म्हटला, तर ते तापतं आणि स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग खाली खेचतं.

म्हणून मिनिटाच्या आत संपणाऱ्या टेस्टवर माझा विश्वास नाही. सिनेबेंचच्या आर२३ आवृत्तीत दहा मिनिटं सलग चालवायची सोय आहे, तीच वापरावी. खोलीचं तापमानही टिपून ठेवावं. हीटसिंक खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, त्यामुळे मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरमधली सकाळ यांचे आकडे शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही.

आता 'रॅम तेवढीच' या वाक्याकडे येऊ. ऑफिसात ८ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या, घरी १६ जीबीची एकच. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा पुरवते. दोन चॅनेलमध्ये, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटांवर, दोन लावल्या की ५१.२. गंमत म्हणजे सिनेबेंचला याचं फारसं सोयरसुतक नसतं, कारण त्याचं बरंचसं काम कॅशमध्येच, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीतच, भागतं. फरक बघायचा तर फाइली दाबून लहान करणाऱ्या सेव्हन-झिप या प्रोग्राममधली फुकटची बेंचमार्क चालवा. त्यातला कॉम्प्रेसिंगचा आकडा रॅमवर बराच अवलंबून असतो, डीकॉम्प्रेसिंगचा जवळजवळ नाही. एकाच प्रोग्रामच्या एकाच खिडकीतले दोन आकडे, दोघांचा स्वभाव निराळा. एका आकड्यात प्रोसेसरची लायकी मोजायचा हट्ट जुनाच आहे. १९८४ साली आलेल्या ड्राइस्टोन चाचणीच्या बाबतीत तर हुशार कंपायलर (प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारी सॉफ्टवेअर) 'या उत्तराचा पुढे उपयोगच नाही' हे ओळखून कामाचा काही भाग गाळूनच टाकायचे!

महाग बोर्ड म्हणजे शहाणा बोर्ड, असंही नाही. कोअर आय९-१३९००के ला इंटेलने टर्बोत, म्हणजे जोर लावताना, २५३ वॉटची मर्यादा दिली होती. कित्येक बोर्डांच्या बायोसमध्ये मात्र आयतीच चार हजारांहून अधिक वॉट भरलेली असायची, म्हणजे मर्यादाच नाही. स्कोअर झकास येई. पुढे १३व्या आणि १४व्या पिढीच्या मशीनवर गेम कोसळू लागले, काहींत तर 'व्हिडिओ मेमरी संपली' असा भलताच एरर येई. २०२४ मध्ये इंटेलने बोर्डवाल्यांना मूळ मर्यादा पाळायला सांगितलं. पण मुख्य दोष प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळण्यात निघाला आणि त्यासाठी ऑगस्टमध्ये नवा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, द्यावा लागला. तेव्हा बेंचमार्क चालवण्याआधी बायोस अपडेट आहे का आणि पॉवर लिमिट किती आहे, हे बघून लिहून ठेवा.

मित्राला शेवटी विचारलं, घरी काम काय करतोस? टॅली आणि एक्सेल. मग सिंगल कोअरची टेस्ट लावायला सांगितली. एकटा कोअर कितीही पळाला तरी ६५ वॉटच्या हद्दीला टेकत नाही, त्यामुळे दोन्ही मशीनचे आकडे जवळपास सारखेच आले. बोर्ड बदलायचा बेत सध्या बारगळला आहे. मुलीला व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय म्हणतो, तेव्हा पुन्हा फोन येईल. तोवर १६ जीबीची आणखी एक पट्टी घेतोय.