ठिपके सोडा, काख बघा

थंडी पडली की गडांवरच्या पक्ष्यांचे फोटो यायला लागतात आणि त्यांखाली दरवर्षी तेच वाक्य: 'शेपटीत पांढरे ठिपके आहेत, म्हणजे युरेशियन क्रॅग मार्टिन.' क्रॅग मार्टिन म्हणजे कड्यांजवळ उडणारा, भिंगरीच्या कुळातला छोटा पक्षी; गडांवर तिच्या दोन जाती दिसतात, युरेशियन आणि डस्की. अहो, ठिपके दोघींनाही असतात! शेपटी पंख्यासारखी पसरली की आपल्या डस्की क्रॅग मार्टिनचेही लख्ख दिसतात, मिटली की युरेशियनचेही लपतात. या दोघींत निवड करायला ते काही कामाचे नाहीत.

डस्की तुमच्या ओळखीचीच. दरवाजाच्या कमानीत, लेण्याच्या छताखाली चिखलाची अर्धी वाटी चिकटवणारी, बारा महिने इथलीच. युरेशियन हिवाळी पाहुणी. आपल्या देशात ती हिमालयात वीण करते आणि थंडीत सह्याद्रीपर्यंत येते. अंगाने किंचित मोठी, पण मोकळ्या आभाळात एकट्या पक्ष्यावरून हा फरक कुणी छातीठोक सांगू नये.

खरी गोष्ट आहे काखेत. पक्षी डोक्यावर वळतो तेव्हा पंख अंगाला जिथे जुळतो तिथे बघा. युरेशियनचं पोट फिकं, राखट तपकिरी, आणि काख जवळजवळ काळी. दोन्ही रंग शेजारी ठेवल्यासारखे वेगळे दिसतात. डस्कीत हा तुटकपणा नाही. गळा जरा उजळ, बाकी पोट, काख, बूड सगळं एकाच काजळी तपकिरी रंगात मिसळलेलं. पक्ष्यांचा अभ्यासक साइक्सने १८३२ साली तिला शास्त्रीय नाव दिलं तेच मुळी 'कॉन्कलर', म्हणजे एकरंगी.

लोक फसतात ते नुसतं पोट बघून. ऊन कातळावर आपटून वर येतं तेव्हा डस्कीचं पोटही उजळतं, आणि आभाळाच्या उजेडात टिपलेला काळपट फोटो नंतर उजळ केला की आणखीच. गेल्या जानेवारीत गडावरच्या टाक्याशी पाऊण तास बसलो होतो. पाण्यावरून जाणारी एक मार्टिन चांगली पांढुरकी वाटली. वळली तेव्हा काखही तेवढीच उजळलेली. डस्की. मग दुसरी आली. उन्हातून गेली, कड्याच्या सावलीतून गेली, पोटाचा रंग दोनदा बदलला. काखेतला काळा पट्टा मात्र दोन्हीकडे पोटापासून वेगळाच उठून दिसला. ती युरेशियन.

म्हणून तुलना शेजारच्या पक्ष्याशी नाही, त्याच पक्ष्याच्या पोटाची त्याच्याच काखेशी करायची. फोटोत पंखाची खालची बाजू नसेल तर मी वहीत नुसतं 'क्रॅग मार्टिन' लिहितो.