चॅम्पियनच्या पोटचा मूतखडा

आमच्या सोसायटीतला चार वर्षांचा डाल्मेशियन, म्हणजे अंगभर ठिपके असलेल्या जातीचा कुत्रा, एका सकाळी खांबापाशी पाय वर करून नुसताच उभा राहिला. दोन थेंब पडले. पुढच्या खांबाशीही तेच. संध्याकाळपर्यंत पोट टणक झालं, हात लावू देईना. डॉक्टरांनी नळी घातली तेव्हा लघवीबरोबर पिवळट, रव्यासारखी कचकच बाहेर आली. मालकांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. आठवड्यातून तीनदा कलेजी घालत होते, तिने भर पडली हे खरं. पण मूळ दुखणं जन्माचं होतं. आई-बाप दोघेही श्वान प्रदर्शनांतले चॅम्पियन, कागद चोख.

कलेजीत भरपूर असणारं प्युरिन हे द्रव्य मोडताना शरीरात यूरिक अ‍ॅसिड तयार होतं. इतर कुत्र्यांचं यकृत त्याचं अ‍ॅलन्टॉइन करतं आणि ते लघवीत सहज विरघळून जातं. माणसाकडे हे काम करणारं विकर (एन्झाइम) नाही, म्हणून आपल्याला गाउट हा सांधे सुजवणारा आजार होतो. डाल्मेशियनच्या यकृतात विकर आहे, पण यूरिक अ‍ॅसिड पेशीच्या आत नेणारं प्रथिनच बिघडलेलं आहे. कारखाना सुरू, माल मात्र दाराबाहेर पडून! मूत्रपिंडही ते परत शोषू शकत नाही, सगळं लघवीत उतरतं आणि त्याचे खडे होतात. नराची मूत्रनलिका शिश्नातल्या हाडाच्या खोबणीतून जाते, तिथे खडा अडकला की जीवावर बेततं.

हा दोष एसएलसी२ए९ या जनुकात आहे, हे २००८मध्ये कळलं. त्यातलं एकच अक्षर बदललेलं आहे. दोष प्रच्छन्न आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सदोष प्रत आली तरच तो प्रकट होतो.

अशा दोषांपुढे ब्रीडरचं, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याचं, साधं गणित असतं. लॅब्रेडॉरमध्ये हळूहळू आंधळेपण आणणारा डोळ्यांच्या पडद्याचा एक विकार असाच प्रच्छन्न आहे. एक सदोष प्रत असलेल्या वाहक कुत्र्याला तो विकार होत नाही. वाहकाची गाठ निर्दोष कुत्र्याशी घातली तर एकही पिल्लू आजारी निघत नाही. दोन वाहकांची घातली, तर प्रत्येक पिल्लामागे धोका चारात एक. म्हणून टेस्ट आधी, मेटिंग नंतर. वाहक निघाला म्हणून चांगला कुत्रा बाद करू नका, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं. सगळे वाहक काढून टाकले तर जातीत उरतात मोजके नर, आणि त्यांच्याच लेकी-नातींमधून पुढचा दोष वर येतो.

डाल्मेशियनमध्ये मात्र हे गणितच चालेना. निर्दोष जोडीदार आणायचा कुठून? जातिवंत म्हणून नोंदलेल्या जवळजवळ प्रत्येकात दोन्ही प्रती सदोष होत्या.

अमेरिकेतले आनुवंशिकीतज्ज्ञ रॉबर्ट शायबल यांनी १९७३मध्ये डाल्मेशियनची गाठ पॉइंटर या शिकारी जातीच्या कुत्र्याशी घातली. एकदाच. पुढे दर पिढीत यूरिक अ‍ॅसिड कमी असलेली पिल्लं निवडायची आणि पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवायची. पाचव्या पिढीत पॉइंटरचा वाटा सरासरी बत्तिसावा उरला, निरोगी जनुक मात्र टिकलं. १९८१मध्ये जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने त्यातले दोन कुत्रे नोंदवले, पण डाल्मेशियन पाळणाऱ्यांनीच विरोध केला आणि दार बंद झालं. ब्रिटनच्या केनेल क्लबने या वंशातली पहिली कुत्री २०१०मध्ये स्वीकारली, अमेरिकेत दार २०११मध्ये उघडलं. मधली तीस वर्षं खडे होतच राहिले. एका गाठीने जात बाटते, या भीतीची किंमत मुक्या जनावरांनी मोजली, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

ठिपक्यांच्या जातीचा दुसरा त्रास बहिरेपणाचा. तो एका जनुकाचा खेळ नाही, त्यामुळे लाळेच्या नमुन्यावरच्या जनुकीय टेस्टने उलगडत नाही. पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं झालं की मेंदूपर्यंत पोहोचणारे आवाजाचे संकेत मोजता येतात. एका कानाने बहिरं पिल्लू टाळीला वळून बघतं, घरात कुणाला शंकाही येत नाही, आणि पुढे त्याच्यावरच वेत घेतलं जातं.

भारतात २०१७च्या नियमांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तेवढ्या दिवसांत कानांची तपासणी सहज होते. पिल्लू बघायला जाल तेव्हा ट्रॉफ्यांचे फोटो नंतर बघा. आधी आई-बापांचे टेस्टचे रिपोर्ट मागा, आणि त्यावरचा मायक्रोचिप नंबर समोरच्या कुत्रीच्या चिपशी जुळवून घ्या.