व्यालेल्या मेंढ्या आणि कोकरांचे पर्यायी खाद्य

मका, सरकी पेंड किंवा तयार गोळीपेंड यांच्या जागी झाडांच्या शेंगा, पाला, कडधान्यांचे भुसकट आणि डाळमिलमधली चुणी (डाळ करताना निघणारा चुरा व टरफले) यांवर व्यालेली मेंढी व तिचे कोकरू पोसण्याची पद्धत. सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या अवर्षणप्रवण पट्ट्यात धनगर मेंढपाळ ती पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. त्यांच्या बाजूने पाहिले तर बाभळीची शेंग हेच जुने खाद्य. पोत्यातली पेंड हा नंतर आलेला पर्याय.

मेंढीचे दूध व्याल्यानंतर साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सर्वांत जास्त असते. तेवढ्या काळात चारा तोकडा पडला तर ती अंगावरची चरबी झिजवून पाजते आणि खंगते. जुळी असतील तर ओढ आणखी वाढते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली, तेव्हापासून हा प्रश्न अधिक ठळक झाला आहे. दुसऱ्या कोकराचे दूध काही जनुकातून येत नाही, ते चाऱ्यातूनच यावे लागते.

बाभळीच्या शेंगा उन्हाळ्याच्या तोंडावर पिकतात, नेमक्या रान कोरडे पडण्याच्या वेळी. आकडीने फांदी हलवली की मेंढ्या धावत येतात. शेंगेत प्रथिने साधारण १२ ते १४ टक्के असतात. मात्र टॅनिन हे तुरट द्रव्यही भरपूर असते आणि ते प्रथिनांना बांधून ठेवते. म्हणून शेंगा एकट्याने पोटभर न देता भुसकट व थोड्या पेंडीबरोबर द्याव्यात. वेड्या बाभळीच्या शेंगा गोड असतात आणि आवडीने खाल्ल्या जातात, पण बी न पचता लेंडीतून शेतात जाते व तिथे उगवते. दळून दिल्यास हा त्रास टळतो.

सुबाभळीच्या पाल्यात प्रथिने २० टक्क्यांच्या वर जातात, पण त्यातल्या मिमोसीन या विषारी द्रव्यामुळे अतिरेक झाला की लोकर गळते. ऑस्ट्रेलियात जनावरांना याच पाल्याने बाधा होत होती. हवाईमधल्या शेळ्यांच्या कोठीपोटातले (चारा आंबवून पचवणाऱ्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) मिमोसीनचे विष पचवणारे जिवाणू तिकडे नेल्यावर ती थांबली. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा सुबाभूळ जास्त नसावी, हे प्रमाण सांभाळले तर भीती नाही. शेवरी आणि हादगा त्या मानाने निर्धोक.

तुरीचे भुसकट व चुणी यांना मेंढपाळ फार मानतात, आणि ते योग्यच आहे: सुगी हिवाळ्यात येते, बरीच कोकरेही त्याच सुमारास जन्मतात. उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला) मात्र पाजणाऱ्या मेंढीला एकटे देऊ नये. त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते, आणि दुधाला कॅल्शियमच लागते. बिनकाट्याच्या निवडुंगाने पाण्याची तहान भागते, प्रथिनांची नाही. सुक्या चाऱ्याशिवाय दिला तर लेंडी पातळ होते.

कोकराचा हिशेब वेगळा. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. त्याला कोणताही पर्याय नाही. पहिले काही आठवडे कोठीपोट तयार झालेले नसते, म्हणून आईला चालणारे पुष्कळसे खाद्य त्याला घातक ठरते. सरकी पेंडीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य मोठ्या मेंढीच्या कोठीपोटात बरेचसे निष्प्रभ होते, कोकराच्या नाही. युरिया लावलेला चारा तर त्याच्यापुढे ठेवूच नये. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड दोघांनाही वर्ज्य: तिच्यातल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा अंश आईच्या दुधातून कोकरापर्यंत पोहोचतो.

दुसऱ्या आठवड्यापासून कोकरू पाला कुरतडू लागते. वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या तळावर, कोवळ्या पाल्याच्या पेंढ्या त्याच्या तोंडाच्या उंचीला टांगतात. त्या तुडवल्या जात नाहीत आणि कोठीपोट लवकर कामाला लागते. पुढे भरडलेला मका, तूर चुणी व चांगली शेंगदाणा पेंड यांचा खुराक आईचे डोके शिरणार नाही अशा कुंपणाआड ठेवावा आणि रोज मूठमूठ वाढवावा. एकदम भरपूर धान्य मिळालेली धष्टपुष्ट कोकरेच आंत्रविषाराने (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगाने) अचानक मरतात. म्हणून खुराक वाढवण्याआधी त्याची लस टोचून घ्यावी. खनिज मिश्रण मेंढ्यांसाठीचेच असावे: गाईंच्या मिश्रणातले तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि महिनोन्‌महिने काही न दिसता एके दिवशी कावीळ होऊन ती जाते.