देशोदेशींचे प्लग आणि वीजमानके

घरगुती वीज किती व्होल्टची, किती हर्ट्झची आणि कोणत्या आकाराच्या प्लगमधून द्यायची, हे प्रत्येक देशाने आपापल्या सोयीने ठरवले. नागपुरात, भारतात सर्वत्र येते तशी, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची वीज येते. प्लग गोल पिनांचे : टीव्ही-पंख्याला ६ अँपिअर, गिझर-एसीला १६ अँपिअर. हा आकार ब्रिटिशांच्या जुन्या मानकातला. ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला नवा प्लग आणला. आपल्याकडे गोल पिनाच राहिल्या.

थ्री-पिन टॉपची वरची पिन अर्थिंगची. ती मुद्दाम लांब असते, म्हणजे प्लग लावताना अर्थिंग आधी जुळते आणि काढताना शेवटी सुटते. नागपूरच्या उन्हाळ्यात तिचे मोल फार. पत्र्याचा कूलर, खाली पाण्याची टाकी, त्यात बुडालेला पंप; पंपाच्या वायरचे आवरण फाटले की करंट थेट पत्र्यात उतरतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर ओल्या फरशीवर उभे राहून कूलरला हात लावणाऱ्याच्या अंगातून. ती पिन कापून टू-पिनवर कूलर चालवणे हा जिवाशी खेळ आहे. अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच, घरात हवाच.

परदेशी जाणारे आधी प्लगचा आकार पाहतात. खरे तर व्होल्ट आधी पाहावेत. दुबई-दोह्यात ब्रिटिश धाटणीचे सॉकेट असले तरी व्होल्टेज जवळपास आपलेच, त्यामुळे साधा अडॅप्टर पुरतो. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तिथे आपला मिक्सर मरगळतो, आणि तिकडची केसांची इस्त्री इथे लावली तर दुप्पट व्होल्टेजमुळे चौपट वीज ओढून जळते. अडॅप्टर फक्त आकार जुळवतो, व्होल्टेज बदलायला ट्रान्सफॉर्मर लागतो. मोबाइल-लॅपटॉपच्या बहुतेक चार्जरवर मात्र ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले असते. ते कुठेही चालतात.

जपानमध्ये १०० व्होल्ट, पण टोकियोकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकाकडे ६०, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रे घेतली, ओसाकाने अमेरिकन.

१९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने सामाईक प्लगचे मानक काढले. दक्षिण आफ्रिका आणि थोड्या फेरफाराने ब्राझील, एवढ्यांनीच ते मुख्यतः उचलले. ब्राझीलमध्ये काही भागांत १२७ व्होल्ट, तर काही भागांत २२०, आणि दोन्हीकडे सॉकेट त्याच आकाराचे.