खोक्यावरचे वॅट आणि जळलेली कॉइल

लग्नसराई संपत आली की वणी, पुसद, चिमूर, मोर्शी अशा गावांतल्या कार-टेपच्या दुकानांत जळलेले सबवूफर (बास वाजवणारे मोठे स्पीकर) येऊ लागतात. कोन, म्हणजे स्पीकरचा पुढचा शंकू, फाटलेला नसतो, कडेचं रबर शाबूत असतं. पण कोन हाताने दाबला की आत घासल्याचा आवाज येतो आणि करपलेल्या वार्निशचा वास सुटतो. दुकानदार म्हणतो, आवाज फाटेपर्यंत वाजवलं म्हणून कॉइल, म्हणजे कोनामागचं तारेचं वेटोळं, गेली. मालक म्हणतो, "भाऊ, सबवूफर दोन हजार वॅटचा हाय, अँप तर हजाराचाच. मंग जळला कसा?" अँप म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारा अँप्लिफायर. त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर खोक्यावरच्या आकड्यांच्या इतिहासात दडलेलं आहे, आणि तो इतिहास कुणी सांगत नाही म्हणून कापूस-सोयाबीनच्या पैशांतून घेतलेलं सामान एका हंगामात भंगारात जातं.

गाडीतला रेडिओ अमेरिकेत १९३० च्या दशकात रुळला, कॅसेट १९६३ मध्ये युरोपात आली. विदर्भातल्या खेड्यांपर्यंत हा नाद पोचवला तो काळीपिवळी जीपने. डॅशबोर्डखाली पत्र्याच्या पट्टीत अडकवलेला डेक (गाडीचा टेप) आणि मागे दोन अंडाकृती स्पीकर. १२ व्होल्टच्या गाडीत साध्या जोडणीचा अँप ४ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) स्पीकरला सहा-साडेसहा वॅटच स्वच्छ देऊ शकतो. त्यापुढे वीजदाबच पुरत नाही. आवाज फाटायचा, भरपूर फाटायचा, पण कॉइल जाळायला लागते तेवढी ताकद मागे नव्हती. स्पीकर जायचे ते धुळीने, उन्हात कागद कडक होऊन किंवा पावसाळ्यात ओल धरून.

पुढे ब्रिज जोडणीचे डेक आले. स्पीकरच्या दोन्ही टोकांना अँप उलटसुलट ढकलतो, त्यामुळे दाब दुप्पट आणि ताकद चौपट. याच सुमारास घरातल्या टेपवर 'पीएमपीओ'चे (क्षणभराच्या कमाल ताकदीचे) हजारांतले आकडे झळकू लागले. त्या मापाची एकमान्य व्याख्याच नव्हती. कंपनीला वाटेल तो आकडा छापता येई. गाडीच्या सामानाने हीच सवय उचलली, आणि आपल्या गिऱ्हाइकाच्या मनात 'वॅट' म्हणजे मोठेपणा हे समीकरण तिथेच पक्कं झालं.

डेकच्या तोंडावर '५० वॅट × ४' किंवा '५२ वॅट × ४' छापलेलं सगळ्यांनी पाहिलं असेल. हा आकडा येतो कुठून? गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात असं धरू. ब्रिज जोडणीत आवाजाच्या वीजलाटेचं शिखर जास्तीत जास्त १४.४ व्होल्टपर्यंत जाईल. लाट नीट गोलाईची असेल तर ४ ओहमवर त्यातून सुमारे २६ वॅट निघतात, तेही अँपच्या आत काहीच वाया गेलं नाही तर. आता तीच लाट वरून-खालून पूर्ण छाटून चौकोनी करा: १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे ५१.८ वॅट. खोक्यावरचा ५२ हा तोच आकडा! म्हणजे आवाज पूर्ण फाटलेला असताना जे निघतं, तेच गुण म्हणून छापलं जातं. अशा डेकांत सर्रास वापरल्या गेलेल्या टीडीए ७३८८ या आयसीच्या (अँपच्या चिपच्या) माहितीपत्रकातही कमाल ४५ वॅट असं ठळक लिहिलेलं आहे, आणि त्याखाली १४.४ व्होल्टवर २६ वॅट. तेही १० टक्के विकृती धरून. १० टक्के म्हणजे कानाला स्पष्ट कळेल इतका फाटलेला आवाज.

अमेरिकेत घरगुती अँपच्या जाहिरातींसाठी १९७४ मध्ये सरकारी नियम आला. गाडीच्या अँपसाठी तिथल्या उद्योगसंघटनेने २००३ मध्ये माप ठरवलं: १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि विकृती १ टक्क्याच्या आत. ते ऐच्छिक होतं. आपल्याकडे तालुक्याच्या दुकानात येणाऱ्या बहुतेक खोक्यांवर त्याचा मागमूस नसतो. सबवूफरवर '२००० वॅट मॅक्स' ठसठशीत, आणि आरएमएस २५० किंवा ३०० कुठेतरी बारीक अक्षरात. कॉइल सतत किती उष्णता सहन करेल हे सांगणारा आकडा तो बारीकच.

आता सगळ्यात जास्त वादाचा मुद्दा. "अँप लहान पडला म्हणून सबवूफर जळला" हे वाक्य दुकानादुकानांत ऐकू येतं, आणि त्याच्या जोरावर मोठा अँप विकला जातो. या समजाचं मूळ घरगुती हायफायच्या जमान्यातल्या इशाऱ्यात आहे. लहान अँप फाटेपर्यंत वाजवला की लाट छाटली जाते, त्यातून वरच्या पट्टीतले जास्तीचे सूर तयार होतात, ते क्रॉसओव्हरमधून (सूर वेगवेगळ्या स्पीकरांत वाटणाऱ्या भागातून) सरळ ट्वीटरकडे (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरकडे) जातात आणि केसासारखी बारीक कॉइल जाळतात. ट्वीटरच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं होतं. सबवूफरला ते जसंच्या तसं चिकटवणं बरोबर नाही. त्याची कॉइल जाड असते, आणि तिला मारते ती सरासरी ताकदीची उष्णता.

छाटलेल्या लाटेतून डीसी (एकाच दिशेचा) करंट जातो, कोन वरच्या टोकाला थांबून राहतो आणि हवा न मिळाल्याने कॉइल जळते, असंही सांगतात. ५० हर्ट्झच्या चौकोनी लाटेचा सपाट भाग १० मिलिसेकंदांचा असतो. लगेच दिशा पालटते. तेवढ्यात कोन काही ठाण मांडून बसत नाही. चांगल्या स्थितीतल्या अँपमधून असा डीसी येतच नाही. तो येतो अँप स्वतः बिघडल्यावर.

हिशेब साधा आहे. खऱ्या १०० वॅटचा अँप कितीही फाडला तरी साधारण २०० वॅटच्या वर जात नाही. खऱ्या ३०० वॅटचा सबवूफर तो जाळू शकत नाही, आवाज कितीही घाण येवो. पण वरच्या मालकाचा 'हजाराचा' अँप खरा २५० चा आणि 'दोन हजारांचा' सबवूफरही खरा २५० चा असेल, तर फाटलेल्या आवाजात अँप ५०० च्या आसपास ढकलतो आणि कॉइल करपते. म्हणून माझं ठाम मत आहे की या जळण्यात पहिला दोष छापलेल्या आकड्याचा, दुसरा वाजवणाऱ्याच्या हाताचा. अँपची खरी ताकद ताडायची असेल तर त्यावरचा फ्यूज बघावा. ३० अँपिअरचा फ्यूज असेल तर १३.८ व्होल्ट धरून आत जाणारी वीज सुमारे ४१४ वॅट. जुन्या एबी वर्गाच्या अँपमधून त्यातले जेमतेम निम्मे बाहेर येतात, डी वर्गाच्या अँपमधून ८० टक्क्यांच्या आसपास.

डी वर्गाचे स्वस्त मोनोब्लॉक (सबवूफरसाठीचे एकाच चॅनलचे अँप) आल्यापासून चित्र आणखी बदललं. आता ताकद खरंच मिळते, पण गाडीची वीज तीच. बहुतेक ट्रॅक्टरचा अल्टरनेटर तीस-चाळीस अँपिअरच्या घरातला. त्यावर ५० अँपिअर ओढणारा अँप बसवला की बाकीची वीज बॅटरीतून जाते. मांडवासमोर इंजिन बंद करून वाजवलं तर दाब १४.४ वरून १२ पर्यंत उतरतो आणि साध्या अँपची स्वच्छ ताकद ३० टक्क्यांनी घटते. म्हणजे काल ज्या आवाजावर गाणं साफ वाजत होतं, त्याच आवाजावर आज ते फाटतं. त्यात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर. ती त्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दोन-तृतीयांश वीजच वाहते.

आणि आपला उन्हाळा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे सहज जातो, उभ्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. कॉइलची उष्णता बाहेर जायला आधीच जागा कमी. तांबं तापलं की त्याचा विरोध अंशामागे सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल १५० अंशांनी तापली की विरोध दीडपटीहून अधिक होतो. बास दबतो. वाजवणाऱ्याला वाटतं आवाज कमी झाला, म्हणून तो आणखी वाढवतो. वरातीच्या शेवटच्या तासात सबवूफर का जातात, त्याचं हे मोठं कारण आहे.

कॅसेटच्या जागी पेनड्राइव्ह आले, तेव्हा गाण्यांचाही पोत पालटला. गावोगावचे रिमिक्स बनतानाच इतके दाबून मोठे केलेले असतात की लाट मूळ फाइलमध्येच छाटलेली असते. जुन्या ध्वनिमुद्रणात शिखर आणि सरासरी यांत मोठं अंतर असे, त्या अंतरात कॉइल निवत असे. आता ती उसंत जवळजवळ उरलेली नाही. वर बास बूस्ट. १२ डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या सुरापुरती सोळापट ताकदीची मागणी.

अँपवरचा गेनचा स्क्रू आवाज वाढवायला नसतो. डेकमधून येणारा संकेत २ व्होल्टचा की ४ व्होल्टचा, त्याला अँप जुळवायला तो असतो. दुकानांत तो बहुधा शेवटपर्यंत फिरवलेला सापडतो. नीट पद्धत अशी: सबवूफर काढून ठेवायचा, सगळे बूस्ट बंद, ५० हर्ट्झचा सूर लावायचा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून हिशेबाच्या व्होल्टपर्यंतच गेन वाढवायचा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. २५० वॅट आणि ४ ओहम असेल तर ३१.६ व्होल्ट, २ ओहमला २२.४. मीटरला लाट छाटलेली दिसत नाही, म्हणून ज्याच्याकडे ऑसिलोस्कोप (लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) आहे त्याच्याकडून एकदा तपासून घेतलेलं बरं. हवेसाठी फट ठेवलेल्या डब्यात सबवूफर असेल तर सबसॉनिक फिल्टरही (अगदी खालचे सूर अडवणारा) लावावा, कारण डबा ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्याखाली कोनाला हवेचा आधार राहत नाही आणि कॉइल जळण्याआधीच मोडते.

अलीकडे अँपवर क्लिपचा (लाट छाटली गेली की पेटणारा) दिवा येतो आणि लोक त्यावर विसंबतात. बऱ्याच नव्या गाड्यांत मात्र कंपनीचा डेक सहज काढता येत नाही, त्याच्या स्पीकरच्या तारांवरूनच अँपला संकेत दिला जातो. लाट त्या डेकमध्येच छाटली गेली, तर पुढचा अँप ती छाटलेली लाट इमानाने मोठी करतो आणि त्याचा दिवा पेटत नाही, कारण तो दिवा फक्त आपल्याच अँपवर नजर ठेवतो. म्हणून अशा गाडीत आधी डेकच्या स्पीकर-तारांवर तपासावं लागतं की आवाजाच्या कितव्या आकड्याला लाट सपाट होते, आणि गेन त्याच्या एक-दोन आकडे खाली धरून लावावा लागतो.