विमानातलं ओव्हरबुकिंग आणि बम्पिंग

विमानात जेवढ्या सीट आहेत त्यापेक्षा जास्त तिकिटं विकणं म्हणजे ओव्हरबुकिंग, आणि सगळेच येऊन उभे राहिले तर कन्फर्म तिकीटवाल्या काहींना एअरपोर्टवरच थांबवणं म्हणजे बम्पिंग. सरकारी नियमांत याला डिनाईड बोर्डिंग म्हणतात. हे सगळं होतं ते नो-शोमुळे, म्हणजे तिकीट काढून न येणाऱ्यांमुळे. विमान उडालं की रिकामी सीट गेली ती गेली, म्हणून कंपनी आधीच अंदाज बांधून थोडी जास्त तिकिटं विकते.

ही पद्धत नेमकी कधी सुरू झाली याची तारीख सांगणं अवघड आहे, कारण कंपन्या बरीच वर्षं हे उघडपणे मान्यच करत नव्हत्या. साधारणपणे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत, १९५० च्या दशकात ती रुळली असावी. काही जण हिचं मूळ कॉम्प्युटर रिझर्वेशनमध्ये शोधतात, म्हणजे अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएमने उभी केलेली सेबर सिस्टीम वगैरे, पण ती १९६० च्या दशकात चालू झाली आणि अर्थशास्त्रज्ञ मार्टिन बेकमन यांनी विमान रिझर्वेशनचं गणित १९५८ मध्येच मांडलं होतं. त्यामुळे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे: तेव्हा फोनवरून सीट धरून ठेवता यायची, आलं नाही तरी दंड नव्हता, लोक दोन-दोन फ्लाइट धरून ठेवायचे, आणि कंपन्यांनी त्यावर हा उपाय काढला. कॉम्प्युटरमुळे फक्त अंदाज बारीक झाला.

गणित समजून घेण्यासारखं आहे. समजा इंदूर-पुणे फ्लाइटला ७८ सीटचं एटीआर हे छोटं विमान लावलंय आणि दर प्रवासी न येण्याची शक्यता ५ टक्के आहे. ७९ तिकिटं विकली तर कुणीतरी बाहेर राहण्याची शक्यता पावणेदोन टक्क्यांच्या आसपास येते, पण ८० विकली की तीच साडेआठ टक्क्यांवर जाते, म्हणजे साधारण बारा फ्लाइटमागे एकदा. याउलट १८० सीटच्या विमानात चार तिकिटं जास्त विकली तरी धोका पावणेदोन टक्क्यांच्या आतच राहतो, कारण विमान मोठं तसा अंदाज जास्त पक्का. म्हणजे छोट्या विमानात एकेक जादा तिकीटही महाग पडतं.

यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते की प्रत्येक जण आपापला येतो किंवा येत नाही. लग्नसराईत हे गृहीतकच कोसळतं. इंदूरहून पुण्याला निघालेलं वीस जणांचं वऱ्हाड आलं तर अख्खं येतं, नाहीतर अख्खं राहतं. वरच्याच उदाहरणात ८० पैकी २० तिकिटं अशा एका वऱ्हाडाची धरली तर धोका साडेआठवरून थेट १८ टक्क्यांच्या वर जातो, बाकी काहीही न बदलता. सरासरीवर भिस्त ठेवून चालत नाही ते इथे.

कायद्याच्या बाजूने सगळ्यात गाजलेला खटला अमेरिकेतला. २८ एप्रिल १९७२ रोजी ग्राहक चळवळीतले राल्फ नेडर वॉशिंग्टनहून हार्टफर्डला निघाले होते, अलेगनी एअरलाइन्सच्या त्या विमानात सीट १०० आणि कन्फर्म रिझर्वेशन १०७. त्यांना थांबवलं गेलं, नियमाप्रमाणे ३२ डॉलर ४१ सेंट देऊ केले, ते त्यांनी नाकारले. १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की विमान कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी नियामक मंडळ आहे म्हणून प्रवाशाचा कोर्टात जायचा हक्क संपत नाही. मुद्दा ओव्हरबुकिंग करण्याचा कमी आणि ते प्रवाशापासून लपवण्याचा जास्त होता, आणि प्रस्तुत नोंदीतही तोच मुख्य दोष मानला आहे.

थांबवायचं कुणाला, यावर चांगला तोडगा ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये सुचवला होता: प्रवाशांनी पाकिटात रक्कम लिहून द्यायची की एवढे मिळाले तर मी पुढच्या फ्लाइटने जाईन, आणि सगळ्यात कमी मागणाऱ्याला थांबवायचं. कंपन्यांनी आधी दाद दिली नाही. आल्फ्रेड कान अमेरिकेतल्या त्याच नियामक मंडळाचे अध्यक्ष असताना १९७८ मध्ये आधी स्वेच्छेने थांबणारे शोधायचे हा नियम तिथे आला. युरोपियन युनियनमध्ये १७ फेब्रुवारी २००५ पासून अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई आहे. ९ एप्रिल २०१७ ला शिकागोत प्रवाशाला ओढत बाहेर काढल्याचा व्हिडिओ जगभर फिरला, ते मात्र शब्दशः ओव्हरबुकिंग नव्हतं, कंपनीला स्वतःच्या चार कर्मचाऱ्यांसाठी सीट हव्या होत्या.

भारतात डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेचे, नियम २०१० चे, २०१६ मध्ये भरपाई वाढवली. आधी स्वेच्छेने थांबणारे विचारायचे. जबरदस्तीने थांबवलं आणि मूळ वेळेपासून एका तासात सुटणारी दुसरी फ्लाइट दिली तर भरपाई नाही. २४ तासांच्या आतली दिली तर एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क याच्या २०० टक्के, पण कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिराची असेल तर ४०० टक्के, कमाल २०,०००. पर्यायी फ्लाइट नकोच असेल तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि वर ४०० टक्के, तीच कमाल. भाडं अधिक इंधन शुल्क २,५०० असेल तर २०० टक्क्यांनी हातात ५,००० येतात, म्हणजे स्वस्त तिकीट काढणाऱ्याला भरपाईही कमीच. दिल्ली, मुंबईहून दिवसात पाच-सहा पर्याय असतात, इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून पुण्याची फ्लाइट हुकली तर एका तासात दुसरी मिळणं कठीण, मग रात्री सेंधवा-धुळे मार्गे ट्रॅव्हल्सची बस धरणं हाच व्यवहार उरतो आणि मुंबईला जाणाऱ्याला अवंतिका एक्सप्रेसमध्ये जागा असली तर असली. रेल्वेही आरएसी देऊन एका साइड लोअर बर्थवर दोघांना बसवते, पण ते तिकिटावर छापून, आधी सांगून, आणि माणूस गाडीत चढतो तरी. विमानाच्या तिकिटावर असं काही लिहिलेलं नसतं, बोर्डिंग पासवर सीट नंबरच नाही हे काउंटरवर दिसतं तेव्हाच कळतं.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं की डीजीसीएचे नियम ओव्हरबुकिंगला परवानगी देत नाहीत, ते फक्त अशी पद्धत आहे याची दखल घेतात, आणि कमाल मर्यादेमुळे जास्त भरपाई मागायचा मार्ग बंद होत नाही. डीजीसीएने जून २०२२ मध्ये एअर इंडियाला थांबवलेल्या प्रवाशांना भरपाई न दिल्यावरून १० लाखांचा दंड केला होता. उशिरा पोचून चेक-इन बंद झालेलं असेल तर ते डिनाईड बोर्डिंगमध्ये धरत नाहीत, देशांतर्गत फ्लाइटला काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात, त्यामुळे वाद बहुतेक वेळा इथेच अडतो. म्हणून वेब चेक-इन जमेल तितकं लवकर करावं, आणि काउंटरवर थांबवलं तर कारण आणि वेळ लेखी घ्यावी, लेखी देत नसतील तर मागणीचा ईमेल तिथूनच पाठवावा. तक्रार आधी कंपनीकडे, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर करता येते, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा टाकता येतो, म्हणजे पुण्याला किंवा मुंबईला कुणी थांबवलं तरी इंदूरकराला इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं.